शीळफाट्यावरची मुकी शीळ

डोंबिवलीहून पनवेलला निघालात की वाटेत शीळफाटा लागतो, आणि शीळफाटा लागला की थांबावं लागतं. आमच्याकडच्या पोराटोरांनाही हे पाठ आहे. मानपाडा गेला, काटई नाका गेला, पलावाचे उंच टॉवर मागे पडले, देसाई गाव आलं आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे पेटले की समजायचं, आलो! फाट्यावरून एक रस्ता मुंब्र्याकडे जातो, एक महापेकडे, एक पनवेलकडे. उरणच्या बंदरातून निघालेले कंटेनर, कल्याणच्या बस, रिक्षा, पाण्याचे टँकर, सगळ्यांना त्याच चौकातून आपापली वाट धरायची असते. त्यात मेट्रोच्या कामाचे पत्रे.

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी आम्ही चौघं तिथे अडकलो. गाडी ताईची, चालवत होती ताईच. शेजारी मी. मागे पाचवीतली माझी भाची आणि तिच्याजवळ आजी, म्हणजे माझी आई. गाडीच्या स्पीकरवर गाणं चालू होतं ते माझ्या मोबाइलमधलं, आणि मोबाइल माझ्या खिशात. मोबाइल आणि स्पीकर यांच्यामध्ये तार नाही, काही नाही. भाचीला त्याचं मुळीच कौतुक नाही. तिच्या लेखी वायर म्हणजे चार्जरची, बाकी कशाला वायर लागते हेच तिला ठाऊक नाही.

डावीकडे एक बस खेटून उभी होती. खिडकीतल्या दोन मुलींनी एकच बड्सची जोडी वाटून घेतली होती, एक बड हिच्या कानात, दुसरा तिच्या. दोघी एकाच तालावर माना हलवत होत्या आणि आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. पुढच्या टेम्पोवाल्या काकांचं फोनवर भांडण चाललं होतं, तेही हात हवेत उडवून, म्हणजे फोन हातात नव्हताच.

भाचीनं ताईचा मोबाइल घेतला, ब्लूटूथचं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. "पप्पूची कार... सोनूचा फोन... हे काय, डोंबिवली किंग! मामा, हा किंग कुठल्या गाडीत असेल रे?"

"कशावर टिचकी मारू नकोस," ताई पुढून म्हणाली. "ओळखीचे नाहीत ते."

यादी हलत होती. एखादं नाव यायचं, मिनिटभर राहायचं आणि पुसलं जायचं. बाजूची रांग चार हात सरकली की 'सोनूचा फोन' गायब. नावं दहा-बाराच दिसत होती, पण खरी गर्दी त्याहून मोठी होती. जी यंत्रं आधीच कुणाशी जोडली गेलेली असतात ती बहुधा अशा यादीत येतच नाहीत. बसमधल्या त्या मुलींचे बड्स कुठे दिसत होते?

मग भाचीनं तो प्रश्न विचारला, ज्याच्यामुळे मी हा लेख लिहायला बसलो. "मामा, रस्त्यावर गाड्या जास्त झाल्या म्हणून आपण अडकलो ना? मग हवेत इतकी गाणी आणि इतके फोन आहेत, ते का नाही अडकत?"

गाडी हलायची चिन्हं नव्हती. मी सावरून बसलो.

आधी हे बघू, की खिशातून स्पीकरपर्यंत जातं तरी काय. मोबाइलच्या पोटात एक इवलीशी अँटेना असते. तिच्यात वीज पुढे-मागे, पुढे-मागे नाचते. किती जोरात? सेकंदाला सुमारे २ अब्ज ४० कोटी वेळा. ती नाचली की अवतीभवती लहर उठते, तळ्यात हात हलवल्यावर पाण्यात उठते तशी. ही लहर उजेडाच्याच जातीची, वेगही तोच, फक्त डोळ्यांना दिसत नाही. एका लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर मावेल एवढी. ती लहर गाडीतल्या अँटेनाला भिडली की तिथली वीजही तशीच नाचायला लागते.

पण नुसत्या नाचात गाणं कुठून आलं? इथे मला शीळफाट्याचं नावच उपयोगी पडलं. समजा, तुम्ही एक लांब शीळ घालताय. मध्येच ती जरा चढवायची, जरा उतरवायची. चढली की १, उतरली की ०, असं मित्राशी आधी ठरवून ठेवलेलं. मोबाइलमधलं गाणं म्हणजे तरी काय, १ आणि ० यांची भलीमोठी रांगच. मूळ ब्लूटूथ नेमकं हेच करतं. लहर किंचित वेगानं नाचवली की १, किंचित सावकाश नाचवली की ०. असे १० लाख चढउतार एका सेकंदात. पुढे याहून हुशार रीती निघाल्या, पण शीळ तीच. फक्त मुकी.

"म्हणजे बसमधल्या त्या मुली शीळ ऐकतायत?"

"त्यांचे बड्स ऐकतायत. आणि त्यांना गाणं करून सांगतायत."

आता अडचण अशी, की ही शीळ घालायला प्रत्येकाला हवेचा एक पट्टा लागतो. रेडिओचे, टीव्हीचे, पोलिसांच्या वॉकीटॉकीचे, विमानांचे पट्टे ठरलेले असतात आणि ते वापरायला परवाना लागतो. २४०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक चिंचोळा पट्टा मात्र जवळपास जगभर मोकळा ठेवलेला आहे. आपल्याकडे सरकारनं २००५ साली नियम काढून तिथल्या कमी ताकदीच्या यंत्रांची परवान्यातून सुटका केली. फुकट म्हटल्यावर काय होतं ते सांगायला नको. घरातलं वायफाय तिथेच, बिनतारी माउस तिथेच, रिमोटवर उडणारे ड्रोन तिथेच, आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच गरगरतो. थोडक्यात, हवेतला शीळफाटाच!

या फाट्यावर ब्लूटूथनं स्वतःसाठी ७९ अरुंद लेन आखून घेतल्या. पण ७९ लेननी काय होणार? फाट्यावर ७९ लेन केल्या तरी आपले लोक त्या तासाभरात भरून दाखवतील. खरी गंमत पुढे आहे.

डोंबिवली स्टेशन डोळ्यांपुढे आणा. सकाळचे आठ. असं समजा, की स्टेशनला ७९ फलाट आहेत आणि प्रत्येकावर कल्ला चाललाय. तुम्हाला आणि तुमच्या मैत्रिणीला एक गुपित बोलायचंय. एका फलाटावर उभं राहून बोलाल तर शेजारच्या काकांचा आवाज मध्ये येणार. म्हणून दोघींनी फलाटांची एक यादी पाठ केली आहे. ३ नंबरवर एक शब्द बोलायचा, लगेच ६१ नंबरवर जाऊन दुसरा, मग १८ वर, मग ७७ वर. दोघी एकाच क्षणी, एकाच फलाटावर. बाकीच्यांना मधूनच एखादा सुटा शब्द ऐकू येणार आणि त्यातून त्यांना काही कळणार नाही. एखाद्या फलाटावर नेमकी तेव्हाच दुसरी जोडी बोलत असली, तर तेवढा एक शब्द वाया जाईल. तो पुढच्या फलाटावर पुन्हा बोलायचा.

ब्लूटूथची यंत्रं असेच फलाट बदलतात, सेकंदाला १६०० वेळांपर्यंत. एका फलाटावरचा मुक्काम एका सेकंदाचा सोळाशेवा भाग. तुम्ही 'शी' म्हणून 'ळ' म्हणेपर्यंत यांचे शेकडो फलाट पालथे घालून झाले. आणि तरी लहरीला यात काही घाई वाटत नाही बरं का! प्रकाशाचा वेग इतका आहे, की त्या सोळाशेव्या भागात ती, वाटेत विरली नाही तर, शीळफाट्यावरून सरळ पुण्याला पोचून परतीच्या वाटेवर लोणावळा ओलांडेल. आम्ही एवढ्या वेळात एक इंचसुद्धा सरकलो नव्हतो.

भाचीला हे पटलं, पण ती डोंबिवलीची. "आणि मेगाब्लॉक असला तर?"

अगदी खरा प्रश्न. पहिल्या पहिल्या ब्लूटूथला मेगाब्लॉक कळायचा नाही. एखाद्या घरात वायफायनं वीसेक फलाट अडवलेले असले, तरी ते पुन्हा पुन्हा तिथेच जाऊन धडकायचं आणि गाणं खरखरायचं. २००३ च्या सुमारास आलेल्या आवृत्तीपासून ते शहाणं झालं. कुठल्या फलाटावर सारखे शब्द वाया जातायत याची ते नोंद ठेवतं, आणि तेवढे फलाट यादीतून गाळतं. जोडीदारालाही कळवतं, की उद्यापासून नव्हे, आत्तापासून २२ ते ४३ बंद.

यादी कोण ठरवतं? दोघांपैकी एक कप्तान असतो. आमच्या गाडीत तो मान बहुतेक माझ्या मोबाइलकडे होता. प्रत्येक ब्लूटूथ यंत्राला कारखान्यातच एक लांबलचक क्रमांक मिळतो आणि आत एक घड्याळ सतत टिकटिकत असतं. कप्तानाचा क्रमांक आणि कप्तानाचं घड्याळ यांच्या हिशेबातून पुढचा फलाट निघतो. दोघांकडे हे दोन्ही असलं, की यादी पाठवत बसायची गरजच नाही, दोघं आपापलं गणित करतात आणि उत्तर सारखंच येतं. एका कप्तानाच्या टोळीत एका वेळी सात जण जागे राहू शकतात. पहिल्यांदा 'पेअर' करताना दोन्ही पडद्यांवर सहा आकडी क्रमांक दिसतो आणि तो जुळतोय का असं विचारतात, ते याचसाठी. आपण भलत्याच टोळीत तर शिरत नाही ना, एवढं माणसानं डोळ्यांनी बघायचं.

फलाट बदलत बोलायची युक्ती ब्लूटूथहून पुष्कळ जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात हेडी लमार नावाची हॉलिवूडची प्रसिद्ध नटी आणि जॉर्ज अँथाइल नावाचे संगीतकार यांनी पाण्यातून जाणाऱ्या टॉर्पेडोला शत्रूपासून लपून हुकूम कसे द्यायचे, यावर डोकं चालवलं. १९४२ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. त्यात फलाट होते ८८. ८८ च का? पियानोला पट्ट्या ८८ असतात म्हणून! संगीतकाराबरोबर शोध लावला की असं होतं.

एवढ्यात आजी जागी झाली. ती झोपलेली नव्हतीच म्हणा, डोळे मिटून सगळं ऐकत होती. "मला एक सांग," ती म्हणाली, "दात निळा कुणाचा?"

आता सांगायलाच हवं. गोष्ट हजार वर्षांपूर्वीची. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होता. लोक त्याला म्हणायचे ब्लॉटान, म्हणजे निळदात्या. त्याचा एक दात मेला होता आणि काळानिळा दिसायचा, म्हणून हे नाव पडलं असं मानतात. आपल्याकडे गणपतीला एकदंत म्हणतात ते आदरानं, हे मात्र अगदी गल्लीत पडावं तसं नाव! त्याच्या मुलाला काटेदाढ्या म्हणायचे. घराण्याला टोपणनावांचा शौकच दिसतो.

या निळदात्यानं आपसात भांडणाऱ्या टोळ्या एकत्र केल्या, नॉर्वेपर्यंत सत्ता नेली आणि आईवडिलांच्या आठवणीसाठी येलिंग गावी एक भलीमोठी शिळा उभी केली. तिच्यावर त्याचा पराक्रम कोरलेला आहे, रून नावाच्या काटक्यांसारख्या लिपीत. ती शिळा आजही आहे.

आता एकदम १९९० च्या दशकात या. स्वीडनमधल्या लुंड शहरात एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन नावाचे डच इंजिनिअर मोबाइलची वायर कशी घालवता येईल याच्या मागे लागले होते. तिकडे इंटेल, नोकिया याही कंपन्या अशाच खटपटीत. प्रत्येकानं आपापली भाषा काढली असती, तर एका कंपनीचा फोन दुसऱ्या कंपनीच्या हेडफोनशी बोलला नसता. म्हणून एकत्र यायचं ठरत होतं. त्याच सुमारास इंटेलचे जिम कार्डाक व्हायकिंग लोकांची पुस्तकं वाचत होते आणि त्यात त्यांना हा राजा भेटला. भांडणाऱ्या टोळ्या एकत्र करणारा! त्यांनी सुचवलं, चांगलं नाव सापडेपर्यंत हेच राहू दे. चांगली नावं निघालीसुद्धा, पण कुणाची ना कुणाची अडचण आली आणि १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी मंडळ जाहीर केलं ते निळ्या दाताच्याच नावानं. मोबाइलवरचं ते खिळ्यासारखं टोकदार चिन्ह बघा. हॅराल्डचा 'ह' आणि ब्लॉटानचा 'ब' ही दोन रून अक्षरं त्यात एकावर एक बसवलेली आहेत. तुमच्या मुठीतल्या यंत्रावर हजार वर्षांपूर्वीच्या राजाची सही आहे.

आणि ही गोष्ट तर तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवतच नाही. २०१८ साली जर्मनीच्या उत्तरेला रुगेन नावाच्या बेटावर एक १३ वर्षांचा मुलगा आणि पुरातन वस्तू शोधण्याचा छंद असलेले एक गृहस्थ धातू शोधायचं यंत्र घेऊन शेतात फिरत होते. मुलाला एक चकती मिळाली. अ‍ॅल्युमिनियमचा फालतू तुकडा असेल असं वाटलं. पुसून पाहिली तर चांदी! पुढे तिथे रीतसर खोदकाम झालं. सुमारे ६०० नाणी, हार, अंगठ्या निघाल्या, आणि त्यांतली शंभराहून जास्त नाणी याच निळदात्याच्या काळातली होती.

"मग दातदुखीचं औषध नव्हतं का राजाला?" आजी म्हणाली. हा प्रश्न अजून कुठल्याही इतिहासकारानं विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

पाऊस वाढला. काचेवरून पाण्याचे ओघळ, वायपरची टकटक. भाचीला नवी काळजी. पावसानं शीळ भिजणार का? नाही. थेंब असतो काही मिलिमीटरचा, लहर साडेबारा सेंटिमीटरची. इतक्या जवळच्या बोलण्यात तिला पाऊस लागतच नाही. गंमत म्हणजे तिला अडवतो ते आपणच. माणसाच्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, आणि अंगभर पसरलेलं एवढं पाणी या लहरींची ताकद शोषून घेतं. मोबाइल मागच्या उजव्या खिशात आणि बड फक्त डाव्या कानात, असं मोकळ्या मैदानात चालून बघा. मधूनच आवाज तुटतो. खोलीत सहसा तुटत नाही, कारण तिथे लहर भिंतीवर आपटून वळसा घालून येते. मैदानात तिला आपटायला भिंत नाही आणि मध्ये तुम्ही, चालतंबोलतं पाण्याचं पिंप.

घरी करून बघण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे स्टीलचा डबा. चकल्यांचा मोठा, घट्ट झाकणाचा घ्या, चकल्या संपल्यावर. मोबाइलवर गाणं लावून ते ब्लूटूथ स्पीकरवर सोडा, मोबाइल डब्यात ठेवा, झाकण लावा आणि स्पीकर लांब लांब नेत जा. डब्याबाहेर असताना गाणं जिथपर्यंत पोचत होतं, त्याच्या बरंच अलीकडे ते अडखळायला लागेल. धातूतून लहर जात नाही. थोडीफार निसटते ती झाकणाच्या फटीतून. मोबाइल मोठ्यांना विचारून घ्या आणि नंतर डब्यातून काढायला विसरू नका, आमच्याकडे तो शोधायला अर्धा तास गेला होता.

शिळा आडवी आली तर मात्र शीळ संपलीच. शीळफाट्याजवळ सध्या याचं मोठं उदाहरण तयार होतंय. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी घणसोली ते शीळफाटा असा डोंगराच्या पोटातून जवळजवळ ४.९ किलोमीटरचा बोगदा खणला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो आरपार झाला. इतक्या लांब बोगद्यांमध्ये बाहेरच्या टॉवरची लहर पोचत नाही. त्यावर जगभर वापरला जाणारा उपाय मला फार आवडतो. बोगद्याच्या भिंतीनं एक गळकी केबल सोडतात. हो, मुद्दाम गळकी! तिच्या आवरणाला ठरावीक अंतरावर चिरा असतात आणि त्यांतून लहरी झिरपतात, नळाच्या फुटक्या पाइपमधून पाणी झिरपावं तशा.

तुम्ही म्हणाल, मग ब्लूटूथची ताकद वाढवून का नाही टाकत? वाढवता येते, आणि काही यंत्रं १०० मीटरपर्यंत पोचतात. पण कानातल्या बड्सना ती नकोच आहे. साधारण १० मीटर पोचणाऱ्या ब्लूटूथची ताकद अडीच मिलिवॅट असते. घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा त्याच्या ३६०० पट. कमी ताकद म्हणजे चिंचोक्याएवढी बॅटरी तासन् तास टिकते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपला आवाज बसमध्ये बसलेल्या त्या मुलींपाशी पोचेपर्यंत विरून जातो. भाचीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर फलाटांत होतं, उरलेलं अर्धं इथे. प्रत्येक जण फक्त आपल्या माणसाला ऐकू जाईल एवढंच कुजबुजतो. फाट्यावर भोंगे वाजवणाऱ्यांचं नेमकं उलटं आहे.

कुजबुज म्हणजे किती हळू, तेही ऐकणाऱ्याच्या कानावर असतं. नारायणगावजवळ खोडद इथे ४५ मीटर व्यासाच्या ३० प्रचंड थाळ्यांची रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी नावाची. ती आकाशगंगांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकते. त्या इतक्या क्षीण असतात, की त्या दुर्बिणीपुढे खिशातला मोबाइल म्हणजे कानाशी वाजवलेला ताशा. सहलीला गेलात तर तिथे मोबाइल बंद ठेवायला सांगतात, तो याच कारणानं.

"पण मामा, या शिळेवरून ट्रॅफिक किती आहे ते कळेल का?" पाचवीतली पोर! हे खरंच करतात. अमेरिकेत ह्यूस्टन शहरात रस्त्याच्या कडेला ब्लूटूथ ऐकणारी यंत्रं बसवली. एका यंत्रापुढून एखादा क्रमांक गेला, आणि तोच क्रमांक पुढच्या यंत्रापुढून किती मिनिटांनी गेला, यावरून रस्ता किती तुंबलाय ते समजतं. काटई नाका ते शीळफाटा असं मोजलं तर ते यंत्र बिघडलंय असं वाटेल. मात्र आपण कुठून कुठे गेलो याची अशी नोंद ठेवलेली बऱ्याच जणांना रुचली नाही, आणि त्यात चूक काही नाही. म्हणून हल्लीचे मोबाइल शीळ घालताना आपला खरा क्रमांक सांगत नाहीत. थोड्या थोड्या वेळानं टोपणनाव बदलतात.

२०२० च्या टाळेबंदीत हाच शीळफाटा रिकामा होता, तुम्ही तेव्हा लहान होता. त्या वर्षी २ एप्रिलला सरकारनं आरोग्य सेतू नावाचं ॲप आणलं. दोन माणसं जवळ आली की त्यांचे मोबाइल ब्लूटूथवरून एकमेकांची नोंद घ्यायचे. शीळ जोरात ऐकू आली म्हणजे माणूस जवळ, हळू आली म्हणजे लांब, असा ढोबळ हिशेब. पुढे कुणी कोरोनानं आजारी निघालं, तर जवळ आलेल्यांना सावध करायचं. हिशेब ढोबळ का, ते आता तुम्हीच सांगाल. मध्ये एखादं पिंप उभं असलं तर?

बाहेर एक मावशी टोपलीत शेगडी आणि वर छत्री धरून भुट्टे भाजत होत्या. वास गाडीत शिरला आणि विज्ञान तिथेच थांबलं. "पुढचं काही हलत नाही," ताई म्हणाली, "घेऊन ये चार." मी उतरलो. भाची लगेच पुढच्या सीटवर.

शेगडीपाशी पोचलो, जेमतेम दहा पावलं, तोच खिशात मोबाइल थरथरला. पनवेलहून बायकोचा फोन. मी हात पुसून मोबाइल काढेपर्यंत पडद्यावर वेळ मोजायला सुरुवात झाली होती. ०:०३, ०:०४. मी कानाला लावला. चिडीचूप. वळून पाहिलं तर गाडीत भाची डॅशबोर्डवरचं हिरवं बटण दाबून ऐटीत बसलेली. फोन माझ्या हातात, पण आवाज सगळा त्यांच्या स्पीकरवर!

आणि नेमकी तेव्हाच रांग सुटली. मागून भोंगे. ताईला गाडी पुढे घ्यावीच लागली. पाच पावलं, दहा, पंधरा. मी एका हातात चार भुट्टे आणि दुसऱ्या हातानं मोबाइल कानाला धरून पावसात गाडीमागे पळतोय. टेम्पो ओलांडला, बस मध्ये आली, आणि तेवढ्यात मोबाइल आणि गाडी यांची जोडी तुटली. आवाज धप्पकन माझ्या कानात येऊन पडला, वाक्याच्या मधूनच.

"...आणि केकवर पंचाहत्तरच लिहिलंय, काळजी नको. सगळे आतल्या खोलीत लपून बसणार आहेत. आईंना काही कळू दिलं नाहीत ना? अहो? ऐकताय ना?"

पुढच्या वळणावर गाडी मला सापडली. मी ओलाचिंब होऊन आत बसलो. भाचीनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते, ताई सरळ समोर बघत होती. आजीनं माझ्या हातातून भुट्टा घेतला, पदरानं पुसला, लिंबू कुठंय म्हणून विचारलं आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मला बाई काही म्हणजे काही ऐकू आलं नाही."